उलटे सोडलेले दगड

२ फेब्रुवारी
एकदाची बेटावर पोचले. सागरी संशोधन केंद्र म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा आणि दारात समुद्र. पण मी खूश आहे. केंद्राचे प्रमुख, सर, गोड बोलले. काम मनासारखं झालं तर महिनाअखेर कायम करतील, आणि मग ठकीला इथे आणायचं. माझी लेक सध्या वहिनीकडे असते. वहिनी वाईट नाही, पण पोरीच्या ताटात वाढताना तिचा हात आखडतो, आणि ते आता ठकीलाही कळायला लागलंय. माझ्या आधीची मदतनीस म्हणे न सांगता निघून गेली. खाटेखाली तिची एकच चप्पल राहिलीय.

५ फेब्रुवारी
ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातले दगड उलटायचे आणि खाली कोण राहतं ते टिपायचं, हे माझं काम. राहतात ते ठिसूळतारे, तारामाशांचे चुलत भाऊ. बटणाएवढं अंग आणि पाच लांब, वळवळते हात. एकेका दगडाखाली अख्खी आळी नांदते: पट्टेवाले, काळे काटेरी, स्पंजाच्या भोकात दडलेले, फटीतून नुसते हात बाहेर काढून पाण्यातलं खाणं गाळणारे. एका जातीची आई तर पिल्लं अंगातच वाढवते. माशाने हात धरला की हे तो हात तोडून देतात. तुटका हात वळवळत राहतो, मासा त्यात गुंततो आणि हे पसार. पुढे हात परत फुटतो. माणसाला ही सोय नाही.

केंद्राचे नावाडीकाका उलटलेला प्रत्येक दगड होता तसा पालथा घालत होते. सर वैतागले, म्हणाले की भरती काय तुमच्यासाठी थांबणार आहे? मग मीही दगड तसेच सोडत गेले.

११ फेब्रुवारी
उन्हात पडलेले तारे पांढरे पडून मेलेत. मला हे ठाऊक होतं. पण सरांना आकडे हवेत आणि मला नोकरी. काका एवढंच म्हणाले की ताई, कुणाचं छप्पर काढलं तर परत घालावं. मी हसण्यावारी नेलं.
परत आले तर बादली पालथी. वारा असेल.

१६ फेब्रुवारी
वारा नाही. भर दुपारी कुलूप उघडलं तर टेबल उलटं, चारी पाय वर. जमीन ओली. सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. खाट उलटली का, एवढंच त्यांनी विचारलं.
म्हणजे त्यांना माहीत आहे.

१९ फेब्रुवारी
आज खाट. आणि सर सकाळीच केंद्राची लाँच घेऊन शहरात गेले, मीटिंग म्हणे. काका म्हणाले, आधीच्या बाईच्या वेळीही साहेब असेच गेले होते. मासा धरतो तेव्हा हात सोडून द्यायचा. सरांचा हात मी. त्यांना दुसरा फुटेल.
फोनवर वहिनीचा निरोप आलाय: ठकीला उद्याच्या नावेने पाठवतेय, आता तुझं तू बघ. तिनेही सोडलं. उलटा निरोप द्यायला गेले तर फोन लागत नाही.

२० फेब्रुवारी
ठकी आली. किती वाळलीय. तिला उतरवून नाव पुढे गेली, आज परतीची नाव नाही. काकांची नाव डागडुजीला काढलीय, ते उद्या दुपारी नेतील.
तिला काकांपाशी बसवून दगड पालथे घालायला गेले. सगळे घातले. पण खाली कुणीच उरलं नव्हतं —

२१ फेब्रुवारी
दुपार. पत्र्याचे खिळे एकेक करून — वर काहीतरी चाचपतंय. लांब, वळवळतं. कडेने उजेड आत येतोय. ठकी खाटेखाली. तिला म्हटलं, हलू नकोस —

पत्रा गेला. केवढं ऊन.

ठकीला मागच्या दाराने पिटाळलं, काकांच्या नावेकडे. मागे बघू नकोस म्हटलं. ते तिच्याकडे वळायला लागलं —

ठकी, तुला सगळ्यांनी सोडलं, मी नाही. डावा हात वर केलाय. त्याने धरला. आता ते इथेच गुंतेल. तू नावेत चढ, बाळा, आणि काकांना सांग, थांबू नका, मी मागून ये