नदीत टाकायची रायफल

मी, यूलालिया निकोली, वय वर्षे ७६, राहणार बर्च बेंड, युकॉन नदीकाठ, अलास्का, माझ्या पश्चात काय कोणाला जावे हे स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामी त्यांची गरज नाही.

१. राहते घर मुलगा हॅरल्ड यास द्यावे. छप्पर त्याने हिवाळ्याआधी दुरुस्त करावे. चार वर्षे नुसते "करतो, करतो" चालले आहे.

२. मासे धुरावर सुकवायची खोपटी आणि मांस कापायच्या तिन्ही सुऱ्या सून व्हेरा हिला. तिच्याइतके पातळ काप गावात कोणी काढत नाही. हे तिला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

३. मूस हरणाच्या शिकारीची रायफल कोणालाही देऊ नये. हॅरल्डने ती नदीच्या खोल पाण्यात टाकावी.

कारण सांगणे भाग आहे, कारण नात टेसा, वय १३, आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. येत्या रविवारी ती बापाबरोबर पहिल्यांदा शिकारीला निघणार आणि तिला हीच रायफल हवी आहे.

मी तेरा वर्षांची असताना वडिलांनी मला आणि सिडनीदादाला असेच होडीतून नेले होते. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात मोठ्या शिंगांचा मूस उभा होता. दोघांनी एकदमच गोळी झाडली. मूस पडला, अंगावर भोक एकच. वडिलांनी दादाची पाठ थोपटली आणि विषय संपला. आमच्यात पहिली शिकार सगळीच्या सगळी वाटून टाकतात. मारणाऱ्याने चाखायचीही नाही, तरच पुढे जनावर त्याच्याकडे येते. मांस दादाच्या नावाने घरोघर गेले. मी रागाने तुकडाही तोंडात घातला नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी याच रायफलीने एकटीने मूस मारला. माझा पहिला तर कधीच वाटून झाला, असे मनाशी म्हणत सगळा ठेवून घेतला आणि खाल्ला. तेव्हापासून आजवर या रायफलीने माझ्या हातून एकही मूस पडलेला नाही. तो पहिला खरेच दादाचा असेल, तर मी माझीच पहिली शिकार खाल्ली. दोष माझा, की या लोखंडाला काही चिकटले आहे? मला याचे भारी कुतूहल आहे, पण पोरीवर प्रयोग नको.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

दादा साक्षीदार म्हणून सही करायला आला. कलम ३ त्याने दोनदा वाचले आणि टोपी काढली.

"यूली, तो तुझाच होता गं. माझी गोळी पाण्यात गेली. पाणी उडालेलं मी पाहिलं."

"मग त्रेसष्ट वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बाबांनी पाठ थोपटली ना. त्याआधी कधी थोपटली नव्हती."

मी भयंकर चिडले, अजूनही चिडलेलीच आहे. त्याला चहा दिला नाही. पण मग लक्षात आले, पहिला माझा, तो पुरता वाटला गेला आणि मी चाखलाही नाही. म्हणजे दुसरा खाल्ला त्यात गैर काहीच नव्हते. मग पुढचे सगळे का निसटले, ते मी त्यालाच विचारले.

"चाप ओढताना तू डोळे मिटतेस," दादा म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."

दाराआडून टेसा फिसकन हसली.

सबब कलम ३ रद्द. रायफल टेसाची, आणि माझ्या मरणाची वाट न पाहता आत्ताच. लिहिता लिहिता तिच्या हातात दिली आहे. तिचा पहिला मूस पडेल तेव्हा, मी असो वा नसो, मांस घरोघर सिडनी निकोली याने स्वतः उचलून न्यावे, आणि प्रत्येक दारात हा टेसाने मारला असे मोठ्याने सांगावे. गुडघे त्याचेही दुखतात, हे मला माहीत आहे.

स्थळ : बर्च बेंड
दिनांक : २४ ऑगस्ट २०१९

सही : यूलालिया निकोली

साक्षीदार :
१. रोझलिन हेन्री, परिचारिका, गावचा दवाखाना
२. सिडनी निकोली, भाऊ. वरील सर्व वाचले. सांगेन, प्रत्येक दारात.