डावीकडेच वळणाऱ्या कप्तानास

तीर्थरूप कप्तान दादा यांस,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असणारच. पाणबुडीबरोबर मी बुडालो, तू नाहीस. (वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला मात्र मनापासून नमस्कार सांग.)

'धाकट्याने वेग चुकवला, म्हणून नेम हुकला,' असं तू ग्रुपवर लिहिलंस, ते वाचून अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं आपण दोघं आपापल्या घरून कॉम्प्युटरवरच्या खेळात एकच पाणबुडी चालवतोय. पेरिस्कोप तुझा, टॉर्पेडोचं बटण तुझं, माझ्या वाट्याला हेडफोन. (लहानपणीही बॅट तुझी, पळणं माझं, आणि काच फुटली की नावही माझंच.)

परवा चाळीस मिनिटं आपण मालवाहू बोटीच्या वाटेत इंजिन बंद करून दबा धरून बसलो. डावपेच उत्तम, नाही कोण म्हणतंय? बोट आडवी येऊ द्यायची आणि ती आहे तिथे नव्हे, टॉर्पेडो पोचेल तेव्हा असेल तिथे नेम धरायचा. त्यासाठी तिचा वेग हवा. मी कानात प्राण आणून तिच्या पंख्याचे फेरे मोजले आणि सांगितलं, वेग आठ. तू म्हणालास, "मला दिसतंय ना! बारा!" तिन्ही टॉर्पेडो बोटीच्या पुढून निघून गेले. (मासे तेवढे दचकले असतील.) मग तिची राखणदार विनाशिका डोक्यावर येऊन बॉम्ब टाकायला लागली. मी ओरडतोय उजवीकडे वळ, तू नेहमीसारखा डावीकडे वळलास, आणि "तुझी वहिनी हाक मारतेय" म्हणून उठून गेलास. वहिनी त्या दिवशी माहेरी होती, दादा. तिनेच फोनवर सांगितलं.

पाणबुडी बुडाल्याचं दुःख नाही रे. मी सांगितलेलं तू जन्मात एकदाही ऐकलं नाहीस, त्याचं आहे.

तुझा आज्ञाधारक कान,
धाकटा

ता. क. ग्रुपवर एवढंच लिही: 'वेग आठच होता.' आणि येत्या रविवारी एकदाच बटण मला दे.

पुन्हा ता. क. राहू दे. पाकीट चिकटवतोय तोच तुझा फोन आला, 'रविवारी हेडफोन चार्ज करून ठेव.' मी बरं म्हणालो आणि लगेच समोरच्या टीमला फोन लावला. त्यांना विनाशिकेवर कप्तान हवाच होता. टॉर्पेडो सोडलेस की तू डावीकडे वळशील, आणि मी आधीच तिथे असेन. हे तुला अगोदर सांगून ठेवतोय. तू कुठे ऐकणार आहेस!