मागाचा खडखडाट

अहो,
पायांवर डोकं ठेवते. काल इथं थोरल्याच्या घरी नातीबरोबर शिकणारी मंडळी आली. सगळ्यांच्या आधी एक उंच डॉक्टरीण, मागून आणखी दोघं, आणि शेवटी आपली नात. आली ती चपलांसकट खाटेवर आडवी! डॉक्टर होऊनही पुन्हा शाळा. कामापायी माणसाला कुठली दुखणी जडतात ते शिकतात, दिवसभर कारखाने पालथे घालतात. पोरीचे डोळे खोल गेलेत, बाकी बरी आहे. मीही चहा करकरून दमले, पण भरलं घर बघून जीव सुखावला.

गुडघ्याला तेल लावता ना?

तर उंच डॉक्टरीण पाठमोरी काहीतरी बोलली. मी आपली चहा गाळत राहिले. वळून बोलली तेव्हा कुठं मी उत्तर दिलं. म्हणाली, "आजी, तुम्ही ओठ बघून ऐकता. काम कुठं करायचात?"

म्हटलं, "कापडाच्या गिरणीत, मागावर. आमचे हेही तिथंच."

मागांच्या आवाजानं कान हळूहळू गेले म्हणे. नात ताडकन उठून बसली. "आजी, मी गावभर कान तपासत फिरते आणि तू दिसली नाहीस!" रडायलाच लागली. म्हटलं, "अगं, मला तरी कुठं दिसलं?"

अहो, तुम्ही पेपर तोंडासमोर धरता, मी हाका मारते, मग दोघं एकमेकांना हट्टी म्हणतो. तुमचेही कान गेलेच असणार. इतकी वर्षं आपण उगाच भांडलो.

गेलेले कान परत येत नाहीत, पण कानात घालायचं यंत्र मिळतं. धाकट्याला सांगा, तुम्हाला गाडीत बसवून देईल. समोरासमोर बसून बोलू.

आपल्या दोघांचे कान तपासायला सगळे परत येणार आहेत, रविवारी.

तुमची वाट बघणारी,
मी