मंगळवारी माझ्या खुर्चीत

प्रिय पंतप्रधान आणि प्रिय अर्थमंत्री,

दोघांना मिळून एकच पाकीट पाठवतोय. एकाच चष्म्यातून वाचाल, तेव्हा आधी कोणी उघडायचं यावरून भांडू नका.

बघ, चार वर्षांनी पत्र लिहितोय आणि आधी टवाळीच सुचली. मी राजीनामा टेबलावर ठेवला तेव्हा तू मान वर न करता म्हणालास, जा, तुझं अर्थखातं महिनाभर मी सांभाळतो. तो महिना अजून संपलेला नाही. तुला सत्ता सोडवत नाही, असं वर्तमानपत्रं लिहितात. मीही तेच म्हणायचो, दातओठ खाऊन.

गेल्या आठवड्यात आपला जुना स्वीय सहायक भेटायला आला होता. निवृत्त झाला, त्यामुळे जीभ सैल सुटली होती. तू म्हणे दर मंगळवारी माझ्या जुन्या खोलीत जाऊन बसतोस. खिडकीजवळच्या खुर्चीत माझी पाठीची उशी अजून तशीच आहे. तिथे बसून तू अर्थमंत्री म्हणून फाइलींवर हरकती लिहितोस, मग जिना चढून वर जातोस आणि पंतप्रधान म्हणून त्यांना उत्तरं देतोस. सह्या दोन लागतात हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही तुझ्याच असताना हरकती कशाला, असं त्याने एकदा धीर करून विचारलं. तू म्हणालास, "तो असता तर त्याने हेच लिहिलं असतं."

मला रडू आलं रे. जन्मभर तुझ्यापुढे नन्नाचा पाढा वाचला. तो तू पाठ केला असशील असं वाटलं नव्हतं. त्या बंदराच्या फाइलीवर मी 'नाही' लिहिलं, तू ते खोडलंस आणि दोघंही हटून बसलो; त्यातूनच तो राजीनामा. बरोबर मीच होतो, पण त्याचं आता काय लोणचं घालायचंय? भांडून झाल्यावर तू चहा मागवायचास आणि तुझा बिनसाखरेचा कप नेमका मीच उचलायचो. तो कडू चहासुद्धा मला आठवतो.

तू खुर्ची माझ्यासाठी अडवून ठेवली आहेस, म्हणून हे पत्र. मी येणार नाही. अक्षर अनोळखी वाटलं असेल. ते माझ्या लेकीचं आहे. माझा हात आता चालत नाही आणि डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचं बोलत नाहीत. तुझी ती नवी राज्यमंत्री तुला तोंडावर 'नाही' म्हणते, असं ऐकलं. तिला बसव तिथे. उशी मात्र तिला देऊ नकोस. ती घेऊन येत्या मंगळवारी माझ्याकडे ये.

तुझाच, अजूनही हरकत घेणारा,
नन्ना