बोट चित्राजवळ आलं की

तीर्थरूप बाबांना,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा आता कसा आहे?

संशोधन छान चाललंय असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं बोलायला कधी जमलंय मला! तीन वर्षं दुसरीतल्या मुलांना चार-चार चित्रं दाखवून, सांगितलेल्या चित्रावर बोट ठेवायला लावून त्यांची समज कशी वाढते ते मी नोंदवतेय. परवा त्या चाचण्यांचे व्हिडिओ बघत बसले. मुलाचं बोट बरोबर चित्राजवळ आलं की मी हळूच "हं" म्हणते. दर वेळी! मुलं चित्रं ओळखतच नव्हती हो, मला ओळखायला शिकली होती. दोनशे मुलं, सगळी मेहनत पाण्यात.

हा "हं" तुमचाच, बाबा. तुम्ही शेजारी बसून "हं" म्हणालात की माझी गणितं सुटायची आणि परीक्षेत एकटी असले की अडायची. दोष नाही देत. तुमचं बीपी सांभाळा.

सोमवारी मार्गदर्शक बाईंना सगळं खरं सांगू, की गप्प बसू? डोकं चालत नाही. रविवारी फोन करीन, दोन्ही उत्तरं तुम्हाला बोलून दाखवीन. बरोबर उत्तर आलं की नुसतं "हं" म्हणा.

तुमची,
धाकटी