एकही फटाका न वाजवता झालेला सत्कार

प्रिय मेहुणे नितीनराव यांना कोल्हारकडच्या दाजींचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत (तुमच्या अक्काचा खोकला सोडून, तो पुढे येईलच). आधी तुमच्या गुडघ्याची विचारपूस करतो. हा तोच गुडघा ना, ज्याच्यामुळे तुम्हाला सख्ख्या भाचीच्या सत्काराला कोपरगावहून इथवर येता आलं नाही, आणि जो त्याच आठवड्यात साडूच्या मुलाच्या हळदीत नाचताना सगळ्या नातेवाइकांनी मोबाईलवर पाहिला? असो. आला नाहीत ते बरंच झालं. हे मी रागाने लिहीत नाही, शेवटपर्यंत वाचलंत की पटेल.

भारतीला तरुण शास्त्रज्ञांचं मोठं बक्षीस मिळालं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते कशासाठी मिळालं हे मात्र ठाऊक नसावं, कारण तुम्ही पाहुण्यारावळ्यांत ‘आमची भाची पाऊस सांगते’ असं सांगत फिरता. तर ऐका. ऊस तुटला की शेतात पाचट उरतं आणि आपण त्याला काडी लावून मोकळे होतो. त्याची काजळी हवेत किती उंच जाते, किती दिवस तरंगते, माणसाच्या छातीत काय करते आणि हवेतली उष्णता कशी वाढवते, हे पोरीने वर्षानुवर्षं मोजलं. (गळिताच्या दिवसांत आईची धाप ऐकत अभ्यास केलेली पोर दुसरं काय मोजणार?) मोजायची एक पेटी तिने आपल्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवली आहे. तिला बाहेरून दिवा आहे. हवा बरी असली की हिरवा, बिघडली की पिवळा, आणि लाल लागला तर दम्याच्या माणसाने दारं लावून घरात बसावं.

सरपंच आदिनाथ घरी आले आणि म्हणाले, सत्कार गावाने करायचा. नितीनराव, आपल्या वस्तीतल्या मुलीचा सत्कार सगळ्या गावाने चौकात मिळून करायचा, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. एसटीचं स्टिअरिंग उभा जन्म धरलेला माणूस मी, पण त्या दिवशी सरपंचांच्या चहात मी दोनदा साखर घातली. भारतीने एकच अट घातली, फटाके नकोत. आदिनाथने छातीवर हात ठेवला. “ताई, लवंगी बी वाजनार न्हाई, शब्द हाय.”

आणि शब्द पाळला. गावातला एकेक फटाका जप्त करून पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद केला. पण मग असं निघालं की माणसं फार येणार, चौक पुरायचा नाही, म्हणून मांडव शाळेमागच्या आदिनाथच्या रानात घालायचा. रानात ऊस नुकताच तुटलेला, पाचट गुडघाभर. ते गोळा करत बसायला वेळ कुणाला? सकाळीच काडी लागली. (ज्या धुरावर पोरीने संशोधन केलं, त्याला तिच्या सत्काराचं पहिलं आमंत्रण गेलं. आणि कुणाच्याही हे ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा. मी त्या वेळी फेटा बांधून घेत होतो.) रान काळं झालं, त्यावर मांडव पांढरा झाला, सगळे खूश झाले.

संध्याकाळी कालव्याकडून डास आले. पंचायतीचा पुंजाराम म्हणाला, “साहेबास्नी डास चावला तर गावाची लाज जाईल,” आणि डास मारायचं धुराचं मशीन घेऊन मांडवात दोन फेऱ्या मारून आला. तेवढ्यात लाईट गेली, म्हणून जनरेटर आणला आणि तो स्टेजच्या मागे, वारा येतो नेमका त्या बाजूला ठेवला. फटाका मात्र एकही वाजला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

पाहुणे म्हणून एक जुने पुढारी आले होते. पंचायतीच्या गच्चीवर भडक लाल दिवा पाहून त्यांना गहिवरून आलं. लाल दिव्याची गाडी गेल्यापासून कुणी एवढी आठवण ठेवली नव्हती म्हणाले, आणि त्या आनंदात त्यांनी शुद्ध हवेवर भाषण लांबवलं. ऐकणारे डोळे पुसत होते. पाहुण्यांना वाटलं, भाषण भिडलं.

तुमची अक्का पहिल्या रांगेत होती. इस्त्री केलेली पांढरी साडी, केसात गजरा. भाषण निम्म्यावर आलं आणि तिला ढास लागली, ती थांबेना. भारती स्टेजवरून उडी टाकून धावली आणि आईला घेऊन घरी गेली. मीही उठलो, पण आदिनाथने हात धरला. साहेबांना पुढे आणखी दोन कार्यक्रम होते, शाल घडी मोडून तयार होती, आणि ती कुणाच्या तरी अंगावर पडणं भाग होतं. ती माझ्यावर पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, ‘युवा शास्त्रज्ञाचा गौरव’. फोटोत मी, फेट्यासकट, खोकताना.

भारती चिडली नाही. “दादा, शाल शोभते तुम्हाला,” एवढंच म्हणाली आणि गच्चीवरच्या पेटीतले आकडे बघायला गेली. तसे आकडे तिला आजवर कुठे मिळाले नव्हते म्हणे. पुढच्या लेखात गावाचे आभार मानणार आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुमचे दाजी,
भीमराज
(निवृत्त एसटी चालक आणि, पेपरवाल्यांच्या मते, युवा शास्त्रज्ञ)

ता. क. हसून झालं असेल तर कामाचं वाचा. पोरीच्या अंगावर शाल पडताना तिच्या आईने पाहिली नाही. चांगुणाने ती पांढरी साडी अजून घडी करून ठेवलेली नाही, खुर्चीच्या पाठीवरच आहे. मला ते बघवत नाही. म्हणून येत्या रविवारी आम्ही तिघं तुमच्याकडे येतो. तुमच्या अंगणात नदीचा वारा असतो. एक खुर्ची मांडा, बस. शाल मी आणतो, घालेल तिची आई. पाहुणा नको, भाषण नको, आणि त्या दिवशी बंब पेटवू नका, आंघोळीला पाणी गॅसवर तापवा. भारतीला यातलं काही माहीत नाही, चांगुणालाही मी सांगितलेलं नाही, दोघींना वाटतंय तुमच्याकडे जेवायला चाललोय.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आदिनाथ आला आणि चहा देता देता चांगुणाने त्याला सगळं सांगून टाकलं (म्हणजे तिलाही कुठून तरी कळलेलं आहे). गावाला झाल्या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतंय, त्यामुळे रविवारी दोन टेम्पो भरून माणसं येतील. चांगुणाने अट घातली आहे की टेम्पो कोपरगावच्या वेशीवर बंद करायचे आणि तिथून ढकलत आणायचे. आदिनाथने छातीवर हात ठेवून मान्य केलं. ढकलणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून बँड ठरवलाय, त्याचा जनरेटर तिसऱ्या टेम्पोत आहे.