दोन डावखुऱ्यांचे यंत्र

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे मेहुणे,
सप्रेम नमस्कार.

येथील सर्व कुशल आहे. ‘सर्व’ या शब्दात आता मी एकटाच मोडतो, तरी रीत म्हणून लिहिले. तुमचा खोकला थांबला का?

पत्रास कारण की, व्हिडिओ गेमचे यंत्र पूर्ण झाले. ‘भावोजी, तो सांगाडा भंगारात द्या, मला बघवणार नाही,’ असे तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा मी ‘बरे’ म्हणालो होतो. दिला नाही. तुम्ही आणि तुमच्या ताईने प्लायवूडच्या दोन बाजू उभ्या करून ठेवल्या होत्या. मी त्यांत जुना पडदा तिरका बसवला, छोटा संगणक जोडला आणि तुमच्या लहानपणीचे खेळ त्यात भरले. दोन बटणांच्या तारा उलटसुलट जोडल्यामुळे खेळातला गडी उडी मारण्याऐवजी गोळी झाडत असे. तेही निस्तरले.

आवाज ऐकून शेजारच्या वहिनी आल्या.
“अहो, तुमचं कपाट बोलायला लागलं की काय?”
“खेळाचे यंत्र आहे, वहिनी.”
“मग हरलात वाटतं. रडतंय ते!”

हरलो होतो, हे खरे. छिद्रे पाडताना माझ्याकडून एक चूक झाली. नेहमीच्या उलट दांडी उजवीकडे आणि बटणे डावीकडे आली, म्हणजे डावखुऱ्याच्या सोयीची. पाण्याचा पेला इतकी वर्षे तुमच्या ताईच्या डाव्या हाताशी ठेवत आलो. हात त्याच सवयीने चालला. निदान दुसऱ्या खेळाडूची बाजू तरी माझ्यासाठी सरळ करायची! पण तिच्या जोडीला दुसरे खेळाडू नेहमी तुम्हीच असायचात, आणि तुम्हीही बहिणीसारखेच डावखुरे. एवढ्या मोठ्या यंत्रात मी स्वतःसाठी जागाच ठेवली नाही.

अर्थात, माझी जागा मागच्या खुर्चीत होती. तुम्ही दोघे टीव्हीवर खेळताना ओरडत असलात, की मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ‘आवाज कमी करा’ म्हणत असे. आवाज कमी झाल्याचे मात्र मला आठवत नाही.

कोणी खेळत नसले, तरी पडद्यावर नमुन्याचा खेळ आपोआप चालू राहतो. संध्याकाळी मी यंत्र सुरू करतो आणि वर्तमानपत्र घेऊन मागे बसतो. बातम्या वाचून होत नाहीत.

नवी फळी आणून छिद्रे पुन्हा पाडता येतील. काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते करावेसे वाटत नाही.

येत्या रविवारी आपण यावे, अशी विनंती आहे. तुम्हाला बघवणार नाही, हे मी जाणतो. मलाही एकट्याला बघवत नाही. जमणार नसेल, तर तसे कळवू नका. तेवढा रविवार तरी वाट पाहण्यात जाईल.

तुमच्या ताईमुळे झालेला,
आणि तिच्या माघारीही राहू इच्छिणारा,
तुमचा
भावोजी